आधी मुली मोजाव्या लागतात

लसीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सुई आणि रडणारे मूल येते. माझ्या नोकरीत या दोन्ही गोष्टी क्वचितच दिसतात. आफ्रिकेतल्या देशांना कोणती लस किती, केव्हा आणि कुठे लागेल, याचे हिशेब मांडणाऱ्यांपैकी मी एक. "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" असे मंडळातल्या मैत्रिणी नेहमी विचारतात. संपादकांनी तर त्यावर लेखच मागितला. तेव्हा एचपीव्ही या एकाच लसीचे उदाहरण घेऊन सांगते.

एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा, अगदी सर्रास आढळणारा विषाणू. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. पण काहींच्या शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडतो आणि त्यातून गर्भाशयमुखाचा कर्करोग उद्भवतो. हे नाते उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी, २००६ मध्ये, लस बाजारात आली होती. विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी टोचली तरच तिचा पुरेपूर उपयोग. म्हणून वय नऊ ते चौदा. २०२२ या एका वर्षात या रोगाने जगभरात सुमारे साडेतीन लाख स्त्रियांचा बळी घेतला, आणि त्यांतल्या बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या.

आता खरी अडचण पाहा. गोवर, पोलिओच्या लसीसाठी आई बाळाला कडेवर घेऊन दवाखान्यात येते. बारा वर्षांची धडधाकट मुलगी दवाखान्यात कशाला येईल? तिला शोधत आपणच जायला हवे. ती सापडण्याची हमखास जागा म्हणजे शाळा.

रुआंडाने २०११ साली नेमके हेच केले. आफ्रिकेत राष्ट्रव्यापी एचपीव्ही लसीकरण करणारा हा पहिला देश. पहिल्या तीन वर्षांची लस मर्क कंपनीने देणगी म्हणून दिली. पण फुकटची लस गोदामातही पडून राहू शकते. तिथे आरोग्य आणि शिक्षण ही दोन्ही खाती एकत्र बसली. प्राथमिक सहावीचा वर्ग ठरला आणि देशभर एकाच वेळी शाळांमधून लस दिली गेली. गैरहजर मुली आणि शाळेतच न जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुली यांना हुडकण्याचे काम गावोगावच्या आरोग्य स्वयंसेवकांनी केले. पहिल्याच वर्षी ९३ टक्के मुलींना तिन्ही डोस मिळाले. श्रीमंत देशांनाही हेवा वाटावा असा हा आकडा!

या आकड्यामागचा हिशेब वाटतो तितका सोपा नसतो. टक्केवारी काढायला आधी एकूण मुली किती हे ठाऊक हवे. जिथे जन्मनोंदणी अपुरी, तिथे मुलीचे वय कोण सांगणार? वय विचारत बसण्यापेक्षा इयत्ता धरणे सोपे. पण शाळेत उशिरा घातल्यामुळे एकाच वर्गात अकराची मुलगी असते आणि पंधराचीही. शिवाय परीक्षा, सुट्ट्या आणि पावसाळ्यात बंद होणारे रस्ते सांभाळून तारीख ठरवायची. लस सतत २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे. गोठली तर वाया गेली. आणि परिचारिका शाळेत गेली की त्या दिवशी दवाखान्यात बाळंतिणीकडे कोण पाहणार, याचेही उत्तर आधीच हवे.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे विश्वास. "फक्त मुलींनाच का? त्यांना मूल होऊ नये म्हणून तर नाही ना?" ही शंका सर्वत्र निघते. नायजेरियाच्या कानो राज्यात २००३ मध्ये अशाच अफवेमुळे पोलिओची मोहीम महिनोन्‌महिने बंद पडली आणि तो रोग शेजारच्या देशांत पसरला. त्यामुळे इमाम, पाद्री, शिक्षिका आणि आया यांच्याशी बोलण्याचा खर्च अंदाजपत्रकात लसीच्या खर्चाइतकाच आवश्यक धरावा लागतो.

तीन डोस म्हणजे तीन खेपा, तीन वेळा सगळा लवाजमा. हे ओझे हलके होण्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे, हे किती जणांना माहीत असेल? २००९ मध्ये भारतात दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. त्याच्या केंद्रांमध्ये पुणे आणि बार्शी होती. पण खम्मम आणि वडोदरा इथल्या एका वेगळ्या प्रकल्पातल्या काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ उठला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने अभ्यासातले लसीकरणही थांबवले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही; मात्र त्या प्रकल्पात पालकांची संमती घेण्यात मोठी ढिलाई झाल्याचे उघड झाले. इकडे अभ्यासातल्या सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगत होते की, सर्वांत घातक अशा १६ आणि १८ क्रमांकांच्या विषाणूंचा चिवट संसर्ग रोखण्यात एक डोसही ९५ टक्के प्रभावी ठरला. पुढच्याच वर्षी केनियातल्या तरुणींवरील चाचणीनेही दीड वर्षानंतर तसाच निर्वाळा दिला. २०२२ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाला मान्यता दिली. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी नायजेरियाने ७७ लाख मुलींचे लक्ष्य ठेवून मोहीम सुरू केली, ती एकाच डोसाची. बार्शीच्या पोरींचे हे ऋण लागोसच्या पोरींना कदाचित कधी कळणारही नाही.

तरीही माझ्या तक्त्यातला एक रकाना मला अस्वस्थ करतो: शाळेबाहेरच्या मुली. त्यांची लग्ने लवकर होतात, पुढे तपासणीची संधीही त्यांनाच सर्वांत कमी मिळते. म्हणजे जिला लसीची गरज सर्वाधिक, तीच हजेरीपटावर नसते. ९० टक्क्यांचा आकडा गाठला म्हणून टाळ्या वाजतात, तेव्हा उरलेल्या दहा टक्के कोण, हे विचारणे हेच आमचे काम.

मंडळींनो, तुमच्या डॉक्टरांनी मुलीला, आणि हो, मुलालाही, ही लस सुचवली की "इतक्या लवकर कशाला?" हा प्रश्न मनात येणारच. तो जरूर विचारा. कानोतली आईही तोच विचारते आणि तिला नीट उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. फरक एवढाच की, आपल्या मुलीचे नाव कुठल्या ना कुठल्या यादीत आधीच लिहिलेले असते.