नर्मदेतला गोटा

ज्याला कशाचंच काही वाटत नाही, त्याला आपण नर्मदेतला गोटा म्हणतो. जन्मभर पाण्यात राहून आतून कोरडा! हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याने गोटा उचलून खाली पाहिलेलं नसावं.

देवास आणि धार, पवारांच्या जुन्या गाद्या. दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिणेला नर्मदा वाहते आणि विंध्याच्या उतारावरचे ओढे-नाले तिला येऊन मिळतात. पावसाळ्यात पाणी चढलं की डोहांतला महासीर प्रवाहाविरुद्ध निघतो. नर्मदाकाठी त्याला ‘बाडस’ म्हणतात. मोठा झाला तर माणसाच्या कमरेपर्यंत येईल एवढा हा मासा, पण अंडी घालायला त्याला हवं असतं उथळ, खळाळतं पाणी आणि तळाशी गोटे.

अंडी पिवळी, पाण्याहून जड. ती गोट्यांच्या फटींत जाऊन बसतात. फटींतून पाणी खेळतं, त्यातून त्यांना प्राणवायू मिळतो. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पोटाशी बलकाची शिदोरी घेऊन आणखी काही दिवस तिथेच अंधारात दडून राहतात. रोहूची मादी अंडी लाखांनी घालते, बाडसची हजारांनी, आणि तीही एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. एक खेप पुरात गेली तरी दुसरी उरावी!

म्हणजे सगळा खेळ त्या फटीचा. तिच्यात गाळ बसला की अंडी गुदमरतात. ती मोकळी ठेवायचं काम पूर करतो, दरवर्षी, फुकट. देवास जिल्ह्यातल्या धावडी कुंडात हेच पाणी दगड घोटून घोटून बाणलिंगं, म्हणजे शिवलिंग म्हणून पुजले जाणारे गुळगुळीत गोटे, घडवत असे. २००७ साली पूर्ण झालेल्या ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयात ते कुंड बुडालं. खाली धारच्या बाजूला सरदार सरोवर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. साचलेल्या पाण्यात गाळ बसतो, भिंतीपुढे मासा अडतो, आणि उरलेले वाळू-गोटे ट्रॉलीत भरून बांधकामावर जातात.

मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महासीरला राज्यमासा केलं. नुसत्या पदवीने अंडी उबत नाहीत. खरं काम केलं ते दोन्ही जिल्ह्यांच्या मधल्या बडवाहच्या वनविभागाने. वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळ असलेलं तळं तयार करून त्यांनी तिथे बाडसची वीण घडवली. वाघाच्या खात्याने माशाची बाळंतपणं करावीत, हे मला फार आवडलं. पण तळं हा तात्पुरता आसरा. ओढ्यातले गोटे जागेवर ठेवणं, काठची माती धरणारी झाडं राखणं, पावसाळ्यानंतरही पाणी वाहतं ठेवणं, हे झालं तरच बाडस आपल्या घरी विणेल.

आपल्याकडची पुष्कळ माणसं नर्मदेच्या परिक्रमेला जातात. चातुर्मास संपल्यावर चालताना एखादा ओढा लागला, तर जमल्यास गोटे न तुडवता खडकांवरून ओलांडा. बाडसचा विणीचा हंगाम तेव्हाही संपलेला नसतो.