जंगलातील मजुरी कोण ठरवितो?

अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपण वाचतो की, मजुरी ही मागणी व पुरवठा यांच्या मेळातून ठरते. परीक्षेपुरते हे उत्तर ठीक आहे. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ज्याने बांबू तोडला आहे, त्याला ते पटणार नाही. त्याच्या मजुरीची हकिगत निराळी आहे आणि ती आपल्याच परिसराची असल्याने आपण समजून घेतली पाहिजे, असे मला वाटते.

बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी 1945 साली स्थापन झाली. कागदाला लगदा हवा, लगद्याला बांबू हवा आणि बांबू होता सरकारच्या जंगलात. सरकारने तो दीर्घ मुदतीच्या करारांनी, सवलतीच्या दराने गिरणीला दिला. येथून एकाच बांबूचे दोन कामगार झाले. गिरणीच्या भिंतीआड यंत्रावर उभा असलेला कामगार कारखाना कायद्याच्या छत्राखाली आला. त्याला संघटना करता येत होती, संपाची नोटीस देता येत होती. दूर जंगलात तोच बांबू तोडणाऱ्याचे काम मात्र हंगामी, मजुरी नगावर आणि मध्ये कंत्राटदार. गावोगावी विखुरलेल्या या मजुरांनी संप करायचा तो कोणत्या फाटकासमोर?

तेंदूपानाचेही असेच. 1969 च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव होऊ लागला. एका पुड्यात 70 पाने आणि 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे गोणीमागे 70,000 पाने खुडावी, जुळवावी व बांधावी लागतात. ऐन उन्हाळ्यात सारे कुटुंब पहाटेपासून या कामाला जुंपलेले असते. परंतु एका घटकात पाने घेणारा ठेकेदार एकच. त्याचा दर पसंत नसेल तर दुसऱ्याकडे जाण्याची वाट कायद्यानेच बंद! मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत येथे लंगडा पडतो तो यामुळे. विकणारे हजारो आणि घेणारा एक, अशा बाजारात दर घेणाराच ठरवितो.

1980 नंतर या भागात आलेल्या नक्षलवादी दलांनी तेंदू व बांबूच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला आणि दर वाढले, हे नाकारता येणार नाही. पण बंदुकीच्या धाकाने वाढलेला दर म्हणजे करार नव्हे. पोलीस आणि दले यांच्या कात्रीत सापडला तो गावचा माणूसच.

खरा फरक पडला तो मालकीचा प्रश्न उभा राहिल्यावर. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गोंडांचे छोटेसे गाव. तेथील देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी ग्रामसभा बळकट केली. निर्णय सर्वानुमतेच घ्यायचा, असा दंडक पडला. आपल्या जंगलातील बांबू गिरणीला तोडू देण्यास या गावाने विरोध केला. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना. अडचण एका शब्दाची होती. 1927 च्या वन कायद्यात बांबू हे ‘झाड’, तर 2006 च्या कायद्यात ते ‘गौण वनोपज’. झाड म्हटले की वनखात्याचे, गौण वनोपज म्हटले की गावाचे! अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर कटाईची मजुरी ग्रामसभा ठरवू लागली आणि विक्रीतून उरलेला पैसाही गावात राहू लागला. 2013 पासून काही ग्रामसभांनी तेंदूपानाचाही लिलाव स्वतःच केला. तोडणारा आणि विकणारा एकच झाला.

म्हणजे प्रश्न सुटला काय? नाही. तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. पान थांबत नाही, हे व्यापारी जाणून असतो. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तेंदूपानावर 18 टक्के आणि विडीवर 28 टक्के कर बसला. अशा ओझ्याचा भार खाली सरकत सरकत पान खुडणाऱ्याच्या पाठीवर येतो. शिवाय व्यापाऱ्यांनी आपसांत संगनमत केले, तर मालक असूनही एकटे गाव हतबलच.

म्हणून कोरची तालुक्यातील 90 ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभारली, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. नाव काहीही असो, ही कामगारांची संघटनाच आहे. गिरणी कामगार फाटकावर एकत्र आले. येथे फाटक नाही म्हणून गावे एकत्र आली.

मित्रहो, अशा संघटनेला घोषणा देणाऱ्यांपेक्षा करारनाम्यातील कलमे वाचणारा, गोण्यांचा हिशेब चोख ठेवणारा आणि थकलेल्या रकमेसाठी मुदतीत अर्ज लिहिणारा माणूस अधिक हवा असतो. आपल्यापैकी कित्येकांच्या गावांत आज तो नाही. पदवी घेऊन आपण शहराची वाट धरतो, आणि करारावर अंगठा मात्र गावात उठतो.