इपॉक्सीचा ओटा बिघडला, तर उखडण्याआधी हे वाचा

स्वयंपाकघरातील कडप्पा काही वर्षांत थकतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतील आम्ल त्या दगडाला खाते, चमक जाते आणि पांढुरके डाग कितीही घासले तरी निघत नाहीत. ओटा तोडून ग्रॅनाइट बसवायचा म्हटले की गवंडी, प्लंबर, टाइल्स, गॅसची जोडणी असा पसारा उभा राहतो. दोन खोल्यांच्या घरात तेवढे दिवस चूल बंद ठेवणे जड जाते. म्हणून अलीकडे जुन्या ओट्यावरच इपॉक्सीचा थर ओतून घेण्याकडे लोक वळू लागले आहेत. एका दिवसात काळ्या कडप्प्याचा संगमरवर झालेला दिसतो.

इपॉक्सी आपल्याला अनोळखी नाही. दोन ट्यूबमधून काढून कालवायचे अराल्डाइट आणि नळाची गळती बुजवायचे एम-सील ही त्याचीच भावंडे. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते आणि पातळ द्रव घट्ट होतो. रंगासारखे ते हवेने वाळत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे बरेच काही आपोआप समजते.

अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. कुठे बोट चिकटते, कुठे टाचणीएवढी भोके, कुठे तेलाच्या थेंबासारखे खड्डे, कुठे कापसाचा तंतू अडकलेला. लग्नकार्य किंवा रमजान तोंडावर असेल तर घरात चिडचिड होते आणि कुणीतरी म्हणते, "सगळे उखडून टाका." आमचे म्हणणे असे की घाई करू नका. बहुतेक दोष घरीच, थोड्या खर्चात दुरुस्त होतात. साठवलेले पैसे खर्चून केलेले काम फेकून देणे हाही इसराफच आहे.

आधी दोष वाचा

भिवंडीकरांना हे समजावून सांगायची गरज नसावी. मागावरून उतरलेले कापड फोल्डिंगच्या टेबलावर जाते, तेव्हा तपासणारा माणूस दोष पाहून सांगतो की ताणा तुटला, बाणा चुकला की तेल उडाले. कारण कळले की उपाय मागावर करायचा की सुतात, हे ठरते. ओट्याचेही तसेच. कारण न शोधता वरून दुसरा थर ओतला तर तोच दोष पुन्हा वर येतो.

रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च ओट्यावर आडवा धरा. उंचसखल, खड्डे, तंतू सगळे उघडे पडतात. प्रत्येक दोषाशेजारी मास्किंग टेपचा तुकडा लावा. मग नख दाबून पाहा. नख रुतले तर आतले काम अपुरे आहे, रुतले नाही तर दोष फक्त वरचा आहे.

चिकट आणि मऊ भाग

संपूर्ण ओटा जरासाच चिकट असेल आणि थंडीचे दिवस असतील तर दोन-तीन दिवस वाट पाहा. गारव्यात ही क्रिया मंदावते. मात्र बाकीचा ओटा कडक आणि एखादाच पट्टा मऊ असेल, तर तिथे न कालवलेले मिश्रण पडले आहे. डब्याच्या कडेला आणि तळाला राहिलेले रेझिन शेवटी खरवडून ओतले की असे होते. तो भाग महिनाभर थांबलात तरी घट्ट होणार नाही.

दुसरे कारण मापाचे. डब्यावरचे प्रमाण वजनाने दिले आहे की मापाने, हे पाहावे लागते. रेझिन हार्डनरपेक्षा जड असते, त्यामुळे वजनाचे प्रमाण कपाने मोजले तर हिशेब चुकतो. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घालणेही चुकीचे. सायझिंगमध्ये कांजीचे प्रमाण कुणी अंदाजाने बदलत नाही, तसेच हे.

उपाय: मऊ भाग पत्र्याच्या पट्टीने किंवा पुट्टीच्या खुरपीने पूर्ण खरवडून काढा. उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कडेचा कडक भाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा आणि मग नीट कालवलेले नवे मिश्रण भरा. मऊ थरावर नवा थर कधीही ओतू नका. वरचे कडक कवच काही दिवसांत तडकते.

बुडबुडे आणि टाचणीची भोके

जोरजोरात फेटल्याने हवा मिसळते. पण बुडबुडे एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असतील तर हवा खालून येते आहे. प्लायवुड, जुने सांधे आणि दगडाची छिद्रे यांत हवा असते. म्हणून जाड थराआधी ब्रशने एक पातळ थर देऊन छिद्रे बंद करायची असतात.

थर ओला असताना हीट गन वरून हलकी फिरवली की बुडबुडे फुटतात. एका जागी धरून ठेवली तर लाटा पडतात. थर घट्ट झाल्यावर उपाय वेगळा: प्रत्येक भोक टोकदार सुरीने किंवा बारीक ड्रिलने थोडे उघडा, धूळ काढा, थोडेसे मिश्रण टूथपिकने भरा आणि किंचित उंच ठेवा. दुसऱ्या दिवशी घासून सपाट करा.

तेलाचे खड्डे

गोल, मध्ये उघडे पडलेले खड्डे दिसले तर समजा की खाली तेल, साबण किंवा सिलिकॉन होते. वर्षानुवर्षे बघाराचे थेंब उडालेल्या ओट्यावर हे होणारच, विशेषतः शेगडीच्या बाजूला. इपॉक्सी तिथून आक्रसून बाजूला होते. फक्त खड्डा भरून चालत नाही. ती पूर्ण जागा घासा, डिटर्जंट आणि गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, अल्कोहोलने स्वच्छ कापड बदलत बदलत पुसा आणि मग भरा. सिंकभोवतीची जुनी सिलिकॉनची पट्टी आधी कापून काढा.

कापसाचे तंतू

हा खास आपल्या शहराचा दोष. घराच्या खाली किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर हवेत तंतू उडतच असतात आणि ओल्या थरावर बसतात. मागांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम धरा. आदल्या संध्याकाळी भिंती, पंख्याची पाती आणि कपाटांवरचा भाग ओल्या कापडाने पुसा. ओतल्यावर पंखा बंद ठेवा आणि ओट्यावर काठ्यांच्या आधाराने प्लास्टिकचा मंडप करा, म्हणजे प्लास्टिक थराला लागणार नाही.

तंतू अडकलाच असेल तर थर पूर्ण घट्ट होऊ द्या. मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरला पाणी लावून ती जागा घासा. पुढे ८००, १०००, १५००, २००० असे चढत जा आणि शेवटी गाडीला लावतात ते रबिंग कंपाऊंड मऊ कापडाने फिरवा. मधला नंबर गाळला तर आधीचे चरे राहतात आणि उन्हात दिसतात.

पावसाळ्यातील मेणकट थर

सुताला दमट हवा मानवते, धागा कमी तुटतो. इपॉक्सीला तीच हवा त्रास देते. हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी हार्डनरची क्रिया झाली की वर पांढुरका, मेणकट थर येतो. पुष्कळजण तो थिनरने पुसायला जातात आणि तो नुसता पसरतो. हा थर पाण्यात विरघळतो. कोमट पाणी आणि भांडी घासायचा हिरवा पॅड घेऊन धुवा, स्वच्छ पाण्याने पुसा, वाळवा. त्यानंतरच घासणे किंवा दुसरा थर देणे, एरवी नवा थर धरत नाही. धुकट रंग थराच्या आतच असेल तर ओलावा आत अडकला आहे. तिथे घासून वरून नवा थर द्यावा लागतो.

जून ते सप्टेंबर हे काम टाळावे. तापमान २२ ते २७ अंश सेल्सिअस आणि हवा कोरडी असेल तेव्हा थर उत्तम बसतो. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा, पण थंड रात्रीचा अंदाज घेऊन सकाळी काम सुरू करावे.

चरे, तव्याचे वळ आणि पिवळेपणा

बारीक चरे वर सांगितलेल्या वॉटर पेपरच्या क्रमाने जातात. तव्याचा वळ ही वेगळी गोष्ट. घरच्या तापमानात घट्ट होणारे साधे इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास नरम पडू लागते. नुकतेच उतरवलेले चहाचे पातेले याच्या कितीतरी पुढे असते, बिर्याणीच्या देगचीचे तर बोलायलाच नको. उष्णतारोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावरही लाकडी पाट किंवा जाड जाळी ठेवण्याची सवय लावा. हलका वळ घासून जातो. खोल गेला असेल तर तेवढा भाग खरवडून भरावा लागतो.

खिडकीच्या उन्हाने आलेला पिवळेपणा पॉलिशने जात नाही. नवा थर देणे किंवा तसाच चालवणे, हे दोनच मार्ग. पडदा लावला तर तो पुढे वाढण्याचा वेग कमी होतो.

पूर्ण थर पुन्हा द्यायचा असेल तर

दोष जागोजागी असतील तर एकेक भरत बसण्यापेक्षा पूर्ण थर द्यावा. ओटा १२० ते २२० नंबरच्या पेपरने सर्वत्र मॅट होईपर्यंत घासा. एकही चमकता ठिपका राहू देऊ नका. धूळ पुसा, अल्कोहोल फिरवा.

मालाचा हिशेब सोपा आहे. ३ मिलिमीटर जाडीसाठी एका चौरस फुटाला सुमारे २८० मिलिलिटर मिश्रण लागते. ८ फूट लांब आणि २ फूट रुंद ओटा म्हणजे १६ चौरस फूट, म्हणजे साधारण साडेचार लिटर. कडेवरून ओघळणारा भाग धरून थोडे जास्त घ्या.

मिश्रण सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत, तीन ते पाच मिनिटे. मग ते दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या डब्यात उरलेले खरवडून ओट्यावर घेऊ नका.

आपल्या ओट्यांना पाणी सिंककडे जावे म्हणून उतार ठेवलेला असतो, हे परदेशी व्हिडिओंत सांगत नाहीत. इपॉक्सी स्वतःहून सपाटी शोधते, त्यामुळे सिंककडे ते जाड होते आणि भिंतीकडे उघडे पडते. पाणसळ ठेवून उतार पाहा. उतार असेल तर एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्या. मधला थर हाताला किंचित चिकट असतानाच पुढचा दिला तर घासावे लागत नाही. ती वेळ डब्यावर लिहिलेली असते. ती टळली तर घासूनच पुढे जायचे.

घरातल्यांची काळजी

ओट्यापेक्षा हात आणि फुप्फुसे महाग आहेत. कच्च्या इपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की पुढे थोड्या संपर्कानेही पुरळ उठते. नायट्राइलचे हातमोजे घाला. हाताला लागले तर थिनर वापरू नका, साबण-पाण्याने धुवा. घासताना चांगला मास्क लावा आणि पाणी लावून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. अर्धवट घट्ट झालेल्या थराची धूळ अधिक त्रासदायक असते. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांना त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा.

अल्कोहोल आणि थिनर पटकन पेट घेतात. काम सुरू करण्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर बाहेर न्या. हीट गन किंवा ज्योत वापरायच्या आधी अल्कोहोल पूर्ण उडाले आहे आणि बाटली खोलीबाहेर आहे, हे पाहा. डब्यात जास्त मिश्रण साठून राहिले तर ते स्वतःच तापते, धूरही सुटतो. असा डबा उघड्यावर, मुलांपासून दूर ठेवा. उरलेले मोरीत ओतू नका, ते आत घट्ट होऊन नळी तुंबते. डब्यातच घट्ट होऊ द्या आणि मग कचऱ्यात टाका.

पुन्हा वापर कधी

एका दिवसात थर हाताला कडक लागतो, पण आतली क्रिया चालूच असते. तीन दिवस हलका वापर, सात दिवसांनी पूर्ण वापर, आणि डब्यावर जास्त दिवस लिहिले असतील तर तेच खरे. तोपर्यंत उघडे अन्न त्यावर ठेवू नका, कणीक मळू नका. नंतरही भाजी फळीवरच चिरावी. कुर्बानीचे गोश्त सुऱ्याने तोडायला लाकडी ठोकळाच घ्यावा. त्या घावाने चीर पडली की आत पाणी आणि तेल जाते आणि थर सुटू लागतो.

थर मोठ्या भागात खालून सुटला असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल किंवा खालचे प्लायवुड फुगले असेल, तर मात्र घरगुती दुरुस्ती थांबवा. तिथे दोष पायात आहे आणि जाणकार कारागिराला बोलवावे लागेल. बाकीच्या सगळ्यांसाठी टॉर्च, मास्किंग टेप आणि थोडा सब्र एवढी तयारी पुरेशी आहे. ईदच्या तयारीत काम उरकायचे असेल तर दोन आठवडे आधी सुरू करा, म्हणजे सात दिवसांची विश्रांती ओट्याला मिळेल.