अवटु ग्रंथीची तपासणी : काय सांगावे, काय विचारावे

‘मला थायरॉईड आहे,’ असे हल्ली लोकलच्या डब्यात, बाजारात, हळदीकुंकवाला सर्रास ऐकू येते. वास्तविक थायरॉईड सर्वांनाच असते आणि ते आहे म्हणूनच आपण धडपणे हिंडतो-फिरतो. आपल्या परिभाषेत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या घाटीखाली, श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी बिलगून बसलेली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्यातून जो रस थेट रक्तात उतरतो, तो जवळजवळ प्रत्येक अवयवाच्या कामाचा वेग ठरवतो. रस कमी पडला की हृदय, आतडी, कातडी, मेंदू सगळेच मंदावते. जास्त झाला की सगळ्यांनाच घाई सुटते.

सगळेच मंदावते, हीच तर या आजारातली खरी अडचण. पोट दुखले तर माणूस पोटावर हात ठेवून डॉक्टरांकडे जातो. इथे हात ठेवायचा कुठे?

कोपरचे उदाहरण घेऊ. दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले हे स्थानक. खालून कल्याणच्या गाड्या, वरच्या पुलावरून वसईकडची गाडी. समजा, इथली चाळिशीकडे आलेली एक बाई पहाटे डबे करून सकाळची लोकल पकडते आणि दिवेलागणीला घरी येते. वर्षभर तिला थकवा आहे. कोपऱ्यावरचे डॉक्टर ताकदीचे इंजेक्शन देतात. केस गळतात म्हणून ती कातडीच्या डॉक्टरांकडे जाते. पाळीला अंगावरून फार जाते म्हणून बाईंच्या डॉक्टरांकडे. पोट साफ होत नाही, त्याला घरचेच चूर्ण. आवाज जड झालाय, तो सर्दीच्या खाती. गाडीत सगळ्यांना घाम फुटलेला असताना हिला मात्र पंखा सोसत नाही, हे तर ती कुणाला सांगतच नाही. त्यात सांगण्यासारखे काय आहे? चार डॉक्टरांनी चार तुकडे पाहिले आणि प्रत्येकाने आपल्या तुकड्यापुरते बरोबरच औषध दिले. पण तुकडे जोडून पाहिले नाहीत. घरात मात्र ‘अलीकडे हिला आळसच फार’ असा शेरा पक्का होऊन बसला.

मुंबई आणि गोवा धरून देशात आठ ठिकाणी केलेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत ५,००० वर प्रौढ माणसांचे रक्त तपासले होते. शंभरामागे सुमारे ११ जणांची अवटु ग्रंथी मंद निघाली आणि त्या अकरांतल्या तीन-साडेतीन जणांना तपासणी होईपर्यंत त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे आपल्या या बाईसारखी माणसे विरळा नाहीत.

आता डॉक्टरांना नुसता दोष देऊन भागत नाही. संध्याकाळी दवाखान्यात बाकावर वीस माणसे बसलेली असतात, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. त्या वेळात रुग्ण ‘अशक्तपणा वाटतो’ एवढेच म्हणाला तर डॉक्टरांच्या मनात आधी रक्त कमी असण्याची शंका येणार, आणि ते रास्तच आहे. म्हणून तुकडे जोडण्याचे निम्मे काम रुग्णाने घरी करून जावे. वहीचा एक कागद घ्यावा. कोणती तक्रार कधीपासून, ते एकाखाली एक लिहावे : थकवा दिवाळीपासून, बद्धकोष्ठ शिमग्यापासून, वजन किती होते आणि किती झाले, थंडी सोसत नाही, कातडी कोरडी, चेहरा सकाळी सुजलेला, हाताला मुंग्या, विसराळूपणा. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला हा विकार असेल तर तेही लिहावे, कारण तो घराण्यात उतरतो. चालू असलेल्या गोळ्या, मग त्या केसांच्या असोत की ताकदीच्या, सगळ्या लिहाव्यात. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून लिहून घ्यावे. गावातल्या आशाताईही मदत करतील.

हा कागद डॉक्टरांपुढे ठेवून सरळ विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, हे सगळे अवटु ग्रंथीचे असू शकेल का? गळा एकदा हाताने बघता का?’ यात उद्धटपणा काहीच नाही. चांगला डॉक्टर अशा वेळी घोटभर पाणी प्यायला लावतो, कारण गिळताना ग्रंथी वर सरकते आणि गाठ किंवा सूज असली तर बोटाला लागते. तो नाडी मोजतो, घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडी मारून पाय किती सावकाश परततो तेही पाहतो. रक्त काढण्याआधीची ही तपासणी फुकटची आहे, पण अलीकडे तीच गाळली जाते, याचे मला वाईट वाटते.

मग रक्ताची तपासणी. इथे थोडे थांबून नीट समजून घेऊ. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. ती मुकादम आणि गळ्यातली ग्रंथी हा मजूर, असे धरू. मजुराने केलेले काम म्हणजे टी-४ हा रस. काम कमी पडले की मुकादम ओरडू लागतो. त्याच्या ओरडण्याला टी.एस.एच. म्हणतात. मजूर थकला की काम घटते आणि ओरडा वाढतो, म्हणून टी.एस.एच. जास्त आणि टी-४ कमी आले की निदान स्पष्ट झाले. बहुतेक ठिकाणी पहिल्या फेरीत नुसता ओरडाच मोजतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत तेवढे पुरतेही.

पण मुकादमच आजारी पडला तर?

खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला की कधीकधी पीयूषिकेचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होते. शीहान या इंग्रज विकृतिशास्त्रज्ञाने १९३७ साली याचे वर्णन केले, म्हणून त्याचेच नाव या विकाराला मिळाले. अशा बाईला बाळंतपणानंतर अंगावर दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, काखेतले केस झडतात, आणि वर्षानुवर्षे ती थकलेली, फिकट, गारठलेली राहते. तिचे टी.एस.एच. पाहिले तर ते ‘नॉर्मल’ येऊ शकते. मुकादमात ओरडण्याचे त्राणच नाही. काम मात्र पार बसलेले. ‘रिपोर्ट चांगला आहे, काही झालेले नाही,’ म्हणून तिला परत पाठवले जाते. तिच्या बाबतीत टी-४ मोजलेच पाहिजे. शिवाय पीयूषिकेच्या हाताखाली दुसऱ्या ग्रंथीही असतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा कॉर्टिसॉल हा रस कमी पडलेला असताना तो न पाहता नुसती थायरॉईडची गोळी चालू केली तर जिवावर बेतू शकते. तेव्हा बाळंतपणातला रक्तस्राव, दूध न येणे, पाळी बंद होणे या तीन गोष्टी दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या असल्या तरी त्या कागदावर सर्वांत वर लिहाव्यात. त्या विचारल्या जात नाहीत, आणि बाई लाजेने सांगत नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. एकदा टी.एस.एच. थोडेसे वाढलेले दिसले, की जन्माची गोळी. तेही योग्य नव्हे. टी-४ चांगले असून टी.एस.एच. किंचित वर असेल तर दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा तपासावे, टी.एस.एच. पहाटे जास्त आणि दुपारी कमी असते. मोठ्या आजारपणातही आकडे हलतात. अशा वेळी अँटी-टी.पी.ओ. ही तपासणी उपयोगी पडते. आपल्याच शरीराची रक्षक यंत्रणा ग्रंथीवर उलटली आहे का, ते तीवरून कळते. हा विकार जपानच्या हाशिमोटो यांनी १९१२ साली वर्णिला. पूर्वीच्या गलगंडाचे मुख्य कारण आयोडीनची उणीव होते; आज शहरांत मोठा वाटा या विकाराचा आहे. म्हणून कुणी आयोडीनचे मीठ सोडू नये. आमच्या ठाण्याच्या पट्ट्यात मिठागरांचे खडे मीठ घरोघर असे, आणि समुद्राचे मीठ म्हणजे त्यात आयोडीन असणारच, अशी समजूत आहे. ते पुरेसे नसते. मुद्दाम घालावे लागते.

केस गळण्यावर ज्या गोळ्या मिळतात त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व पुष्कळदा असते. ते अंगात असताना रक्त दिले तर काही यंत्रांवर आकडे चुकतात, आणि मंद ग्रंथीसुद्धा जोरात चाललेली दिसू शकते. निदान दोन दिवस आधी ती गोळी बंद ठेवावी.

गरोदरपणात मात्र ‘थांबून पाहू’ म्हणू नये. पहिल्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच रसावर वाढतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पूर्वी गर्भपात झालेला, घराण्यात हा विकार, गळ्याला सूज, अशा जोखमीच्या गरोदर बायकांची टी.एस.एच. तपासणी करावी, असे त्यांत सांगितले आहे. नाव नोंदवतानाच ती मागावी. आधीच गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे; मात्रा बहुधा वाढवावी लागते.

ग्रंथी जोरात धावू लागली तर वजन उतरते, छातीत धडधडते, हात थरथरतात, उकाडा सोसत नाही. इथे टी.एस.एच. कमी येते. पण ग्रंथी खरोखरच जास्त रस करते आहे, की सुजून साठलेला रस सांडते आहे, हे ठरवल्याशिवाय औषध नसावे; दुसरा प्रकार पुष्कळदा आपोआप ओसरतो. त्यासाठी रक्ताची आणखी एक तपासणी किंवा किरणोत्सारी द्रव्याचे चित्रण करतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने मात्र हे चित्रण करू नये. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हेच काम करते आहे, आणि जवळच केईएम रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींचा स्वतंत्र विभाग आहे. कोपरहून धीम्या गाडीने परळ गाठता येते. पण सुरुवात डोंबिवलीच्या शास्त्रीनगर, कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात करावी आणि तिथून चिठ्ठी घेऊन पुढे जावे. मोकळ्या हाताने गेलात तर रांग पुन्हा पहिल्यापासून. गळ्यात गाठ लागली तर सोनोग्राफी आणि जरूर तर सुईची तपासणी करावी. गाठ दुखत नाही म्हणून ती सोडून देऊ नये.

गोळी लागलीच तर ती सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा-पाऊण तास चहा थांबवावा. आपल्याकडे हेच जड जाते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त, आणि त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर. इतके करूनही थकवा गेला नाही तर गोळी वाढवत बसू नये. रक्तक्षय, मधुमेह, बी-१२ची उणीव, मनाची उदासी यांचा शोध घ्यायला सांगावे.

शिक्षक-बंधुभगिनींसाठी थोडे वेगळे. वयात येण्याआधी ग्रंथी मंदावली तर मुलाची उंची थांबते. मूल मठ्ठ दिसू लागते, वर्गात पेंगते, गुटगुटीत दिसते पण वाढत नाही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ पालघरला झाला; पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्यातून डॉक्टरांचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते आणि गलगंड हा त्यांच्या यादीतला विषय आहे. पथक आले की शंभर मुलांतून नेमके हे मूल पुढे करणे गुरुजींच्या हाती आहे. गेल्या दोन-तीन वर्षांची उंची शाळेच्या नोंदींतून तारखांसह कागदावर उतरवून पथकाला द्यावी आणि एक प्रत पालकांच्या हाती ठेवावी. बालरोगतज्ज्ञ पहिल्यांदा तीच मागतात, आणि घरी ती कुणी लिहून ठेवलेली नसते.