लव्हेंडर उन्हानं मरत नाही

पुण्या-नाशकाच्या आसपास नवा बंगला बांधणाऱ्यांची अलीकडे एक मागणी हमखास असते: भूमध्य समुद्राकाठी असते तशी बाग हवी. पांढऱ्या भिंती, लाल मातीच्या मोठाल्या कुंड्या, राखाडी पानांची झुडपं, जांभळं लव्हेंडर, कोपऱ्यात एखादं ऑलिव्ह. बाग होते, काही महिने देखणी दिसते आणि गणपती येईपर्यंत तिच्यातली निम्मी झुडपं काळी पडतात. मग सगळे म्हणतात, "आपला उन्हाळा या झाडांना सोसत नाही."

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि बाकीचे बरेच त्याच्यातूनच फुटलेले आहेत. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि त्याच मुलखात ऑलिव्ह, रोझमेरी, लव्हेंडर पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. पावसाचे आकडे बघितले की उलगडा होतो. रोममध्ये वर्षाकाठी साधारण 800 मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यात 700 ते 750. म्हणजे पुणं रोमपेक्षा थोडं कोरडंच. पण रोमचा पावसाळा थंडीबरोबर येतो आणि जुलै तिथं जवळजवळ कोरडा जातो, 20 मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात, ऐन उकाड्यात कोसळतो. तिकडची झाडं थंड-ओल्या हवेत वाढतात आणि गरम-कोरड्या हवेत झोपतात. गरम आणि ओलं एकाच वेळी सोसायची सवय त्यांच्या मुळांना कधी लागलेलीच नाही. त्यामुळे मे महिना लव्हेंडर काढतं, ऑगस्ट त्याला काढता येत नाही.

ऑगस्टात लव्हेंडरच्या झुडपात बोटं घालून फांद्या बाजूला केल्या की हे डोळ्यांना दिसतं. वरून झुडूप राखाडी-हिरवं असतं, आत मात्र खालची पानं काळी, ओलसर, बोट लागताच गळून पडणारी. पानांवरची जी बारीक लव उन्हापासून पानाचं रक्षण करते, तीच पावसात पाणी धरून ठेवते. जमिनीलगत खोडाची साल नखानं खरवडली आणि खाली हिरव्याऐवजी तपकिरी दिसलं, की मुळं गेली असं समजावं. पाण्यानं गच्च भरलेल्या गरम मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि फायटॉप्थोरासारखे मूळकुज आणणारे रोगजंतू नेमके अशाच मातीत फोफावतात. पानं माना टाकतात ती पाणी असूनही. माणूस मात्र ती सुकली समजून आणखी पाणी घालतो.

यातून लागवडीचं वेळापत्रकच उलटं होतं. झाड लावायचं ते पहिल्या पावसात, हे आंब्या-वडाला बरोबर आहे. लव्हेंडर, रोझमेरी, थाइम ही मंडळी दसरा-दिवाळीच्या दरम्यान लावावीत, कारण आपला हिवाळा हाच त्यांचा वाढीचा काळ. त्यांच्या गावी तेव्हा पाऊस असतो, आपल्याकडे नसतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांना नियमित पाणी द्यायचं आणि पावसाळ्यात कुंड्या उचलून छपराखाली न्यायच्या. लव्हेंडरमध्येही जात बघून घ्यावी. इंग्लिश म्हणून विकलं जाणारं लव्हेंडर मूळचं भूमध्यसागरी डोंगरांतलं, त्याला कडक थंडी लागते. जम्मूच्या भद्रवाहमध्ये लव्हेंडरची शेती बहरली ती त्या उंचीमुळे आणि थंडीमुळे. पठारावर दातेरी पानांची जात त्यापेक्षा बरी निभावते. तरीही मला विचाराल तर इकडे लव्हेंडर शेवंतीसारखं एका हंगामाचं मानावं. त्यात कमीपणा काही नाही.

आता मातीकडे येऊ, कारण बाग जगते किंवा मरते ती इथं. "कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घातले की पाणी निथळतं" हे घरोघरी सांगितलं जातं. प्रत्यक्षात बारीक माती संपून जाड तुकडे सुरू होतात त्या सीमेवर पाणी अडतं. वरची माती पूर्ण भिजून जड झाल्याशिवाय ते खाली उतरत नाही. कुंडीत तळाशी नेहमीच ओलीचिंब राहणारी एक पट्टी असते, तुकडे घातल्यानं ती पट्टी फक्त वर सरकते आणि मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापरी ठेवा आणि सुधारणा करायची ती सबंध मिश्रणात करा. बागेच्या काळ्या मातीत थोडी वाळू मिसळणं हा असाच दुसरा उपाय. चिकणमातीत थोडीशी वाळू घातली की ती मोकळी होण्याऐवजी घट्ट बसते. फरक पडायला वाळू निम्म्याहून जास्त लागते, आणि तेवढीच घालायची तर काळ्या मातीशी झगडायचं कशाला? तिच्यावरच दीड-दोन फुटांचा उंचवटा करावा: चाळलेला मुरूम, जाड वाळू किंवा खडीची कच, थोडी माती, अगदी थोडं कुजलेलं शेणखत. दख्खनच्या माळावर मुरमाला तोटा नाही. आणि नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांशी कोकोपीटचा गोळा असतो, तो हलक्या हातानं जमेल तेवढा झाडून टाका. पावसाळ्यात तो स्पंजासारखा भिजून राहतो.

खडीबद्दलही एक सांगायला हवं. जमीन झाकून पांढरी खडी पसरली की बाग भूमध्यसागरी झाली आणि देखभाल संपली, असं मानलं जातं. दुपारभर तापलेली खडी रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, पांढऱ्या खडीची तिरीप डोळ्यांना सोसवत नाही, आणि पावसात वाहून आलेला गाळ तिच्यात बसला की त्यात तण रुजतं. खडी झुडपांच्या बुंध्याभोवती दोन-तीन इंच जाडीची असावी, तिथं ती खोड कोरडं ठेवते. चालायच्या-बसायच्या जागी फरशी किंवा ओबडधोबड दगड बरे.

झाडांच्या निवडीत मात्र सगळ्यात जास्त मोकळीक आहे आणि तीच लोकांना माहीत नसते. ग्रीसच्या पांढऱ्या भिंतीवर दिसणारी बोगनवेल तिथली नाही. ती ब्राझीलची. 1767 साली रिओ द जानेरोजवळ फिलिबेर कॉमरसाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला ती सापडली आणि तो ज्या समुद्रमोहिमेवर होता तिचा प्रमुख बोगनव्हिल याचं नाव तिला मिळालं. फड्या निवडुंग आणि घायपात मेक्सिकोकडचे. खिडक्यांतली जिरेनियमं दक्षिण आफ्रिकेची, लिंबं-संत्री आशियातली. भूमध्यसागरी बाग हीच मुळात जगभरातून उसनं आणलेल्या झाडांची आहे. मग आपणही त्यात मोकळ्या मनानं बदल करावेत.

निवडीचं सूत्र असं धरावं: कोरड्या मुलखातलं, पण पाऊस उन्हाळ्यात पडणाऱ्या मुलखातलं झाड शोधायचं. मेक्सिकोचा बराच भाग असा आहे, आणि आपलं दख्खनही. म्हणून घायपात इकडे आनंदात राहतो. चंदेरी पानांचं ल्युकोफायलम, टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोतलं झुडूप, लव्हेंडरनं रिकामी केलेली जागा भरून काढतं. पाणी साचू दिलं नाही तर पावसाळी दमट हवेत ते जांभळ्या फुलांनी भरतं. जुन्या अंजिराची किंवा ऑलिव्हची वाकडीतिकडी आकृती हवी असेल तर पांढरा चाफा लावा. त्याच्या जाड फांद्यांत पाणी साठतं आणि पानगळीनंतरची नुसती आकृतीही भिंतीवर सुंदर सावली टाकते. सायप्रसचे उंच सुळके हवेत तर सोसायट्यांच्या कुंपणाला असतो तो सरळसोट खोटा अशोक चालतो. त्याच कामासाठी सर्रास विकलं जाणारं कोनोकार्पस मात्र घेऊ नका. गुजरात सरकारनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

ऑलिव्हबद्दल लोक हळवे असतात. झाड पठारावर जगतं, पानं सुरेख चमकतात, पण फुलायला त्याला बरेच आठवडे चांगली थंडी लागते. राजस्थानात इस्राएलच्या मदतीनं ऑलिव्हची लागवड झाली ती तिथल्या हिवाळ्याच्या भरवशावर. पुण्यात ते पानांसाठी लावा, लोणच्यासाठी नाही.

आणि जी झाडं खरोखर त्या समुद्राकाठची किंवा त्याच्या शेजारची आहेत, त्यांतली कितीतरी आपल्या दारात आहेत. वेणीत माळतात तो मरवा सायप्रस-तुर्कस्तानाकडचा. कण्हेर भूमध्यसागरापासून आशियापर्यंत पसरलेली आहे, दुष्काळ आणि पाऊस दोन्ही सोसते. फक्त तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, घरात लहान मूल किंवा गुरं असतील तर ती लांब कुंपणालाच बरी. सांगोल्याचं डाळिंब आणि पुरंदरचं अंजीर तर शेतकऱ्यांनी इथं पुरतं रुळवलेलं आहे. डाळिंबाची बाग करणाऱ्याला 'ताण' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही: बहार धरायचा तर आधी पाणी तोडायचं, पानगळ होऊ द्यायची, मग पाणी सुरू करायचं. बोगनवेलीलाही हेच लागू आहे. रोज पाणी पिणारी बोगनवेल नुसती पानांनी माजते. कुंडीतली माती चांगली सुकू दिली की ती रंगते. तो रंगही फुलांचा नसतो, रंगीत पानांच्या मध्ये बारीक पांढरी नळी असते ते फूल.

"एकदा लावली की पाणी लागत नाही" हे ताण या कल्पनेचंच चुकलेलं रूप. मुळं खोल जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोन उन्हाळे, पाणी लागतंच. ते रोज शिंपडायचं नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा खोलवर मुरेल असं द्यायचं.

भूमध्यसागरी बाग म्हणजे रखरखीत उघडी जागा, हा समज फोटोंनी पसरवला आहे. तिथली माणसं दुपारी त्या उन्हात बसत नाहीत, सावलीत बसतात. कोर्दोबाची घरं चौकाभोवती रचलेली आहेत, अगदी आपल्या वाड्यांसारखी. पण त्यांच्या सावलीची रचना जशीच्या तशी आणता येत नाही. अथेन्समध्ये ऐन जूनच्या दुपारीही सूर्य थोडा दक्षिणेला कललेला असतो. पुण्यात मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो, तो दिवस आपण शून्य सावलीचा दिवस म्हणून ओळखतो. उंच भिंत तेव्हा कामाची नाही, सावली वरूनच यायला हवी. म्हणून बजेट तुटपुंजं असेल तर कारंजं रद्द करा, मांडव करा. मांडवावर द्राक्षवेल चढवायचा मोह होतो. पण आपल्या हवेत द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या लागतात, आणि पावसात डाऊनी हा बुरशीसारखा रोग आला की फवारण्या. घराच्या मांडवासाठी मधुमालती किंवा चमेली घ्या. फ्रान्समधल्या ग्रास गावाचा अत्तराचा धंदा ज्या जास्मिनवर उभा राहिला, ती आपल्या चमेलीचीच जात.

कोकणात आणि गोव्यात हे सगळं आणखी कडक होतं, कारण तिथं पाऊस पुण्याच्या तिपटी-चौपटीनं पडतो. अलिबागला उघड्यावर लव्हेंडर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. पण पोर्तुगालच्या हवामानातून आलेली घरबांधणी पावसाशी कशी जुळवून घेते, हे बघायला गोव्याइतकी चांगली जागा नाही. चिऱ्याच्या भिंती, खूप पुढे आलेलं कौलारू छप्पर, दारापुढे बसायला बाल्कांव, आत राजांगण म्हणजे मधला चौक. राजांगणात कुंड्या ओट्यावर किंवा पागोळीच्या आत असतात, जमिनीला उतार असतो आणि छपराचं पाणी थेट बाहेर काढलेलं असतं. बंगल्याच्या नकाशावर आधी हेच आखा: छपराचं पाणी कुठं पडेल, कुठून वाहील, कुठं मुरेल. काम सुरू व्हायच्या आधी एखादा पावसाळा हाती असेल तर जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन प्लॉटवर उभे राहा, आणि अर्ध्या तासानंतरही जिथं पाणी तुंबलेलं दिसेल तिथं चुना टाकून खूण करा. त्या खुणांच्या आत राखाडी पानाचं एकही झाड लावायचं नाही. तिथं कर्दळ लावा, वाळा लावा, त्यांना पाणी हवंच असतं.