वाट चुकवणारा रूळ : घाटातल्या ‘कॅच सायडिंग’ची माहिती



मध्यंतरी कारखान्याच्या कामासाठी आम्ही चार-पाच जण तपोवन एक्सप्रेसने मुंबईला निघालो होतो. छत्रपती संभाजीनगरहून निघालेली गाडी मनमाड, नाशिक करीत इगतपुरीला आली आणि कसाऱ्याचा घाट उतरू लागली. घाटात गाडीचा वेग अगदी बैलगाडीसारखा झाला आणि एके ठिकाणी ती चक्क उभी राहिली. खिडकीशी बसलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी बाहेर बोट दाखवून विचारले, “साहेब, ह्यो बाजूचा रूळ कुठं चाललाय? पुढं तर नुसता डोंगर हाय, अन् रूळ वर चढून मधीच संपलाय. रेल्वेवाल्यांनी काम अर्धं सोडलं का काय?”

प्रश्न लाखमोलाचा होता. आम्हालाही नीट उत्तर देता आले नाही, म्हणून परत आल्यावर माहिती काढली. वाचता वाचता लक्षात आले की हा विषय आपल्या ऊस वाहतुकीशी आणि कारखान्याच्या अड्ड्याशी फार जवळचा आहे. म्हणून या अंकात तो सविस्तर देत आहोत.

रूळ अर्धा का सोडला?

तो रूळ अर्धा राहिलेला नाही, मुद्दाम तसाच ठेवलेला आहे. त्याला ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. उतारावर एखाद्या गाडीचे ब्रेक निकामी झाले आणि ती सुटली, तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला काढायचे आणि उलट चढावर, वाळू-खडीत नेऊन थांबवायचे, एवढेच त्याचे काम.

यातली खुबी अशी. आपल्याला वाटते की सांधा नेहमी मुख्य मार्गाला लावलेला असेल आणि गाडी सुटल्याचे कळले की कोणीतरी धावत जाऊन तो बदलत असेल. प्रत्यक्षात उलटे आहे. सांधा नेहमी कॅच सायडिंगलाच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने अगोदर थांबून दाखवायचे. गाडी चालकाच्या ताब्यात आहे हे सिद्ध झाले की मग सांधा मुख्य मार्गाला लागतो आणि सिग्नल मिळतो. जी गाडी थांबू शकली नाही तिच्यासाठी कोणी काही करायची गरज नाही. ती आपोआप डोंगराकडे वळते. म्हणजे ऐन वेळी कोणी जागा असेल, कोणाला आठवण होईल, यावर काही सोडलेलेच नाही. आपली गाडी घाटात थांबली ती यासाठी.

पुण्याकडे जाणाऱ्या बोरघाटातही हीच पद्धत आहे. मंकी हिल, ठाकूरवाडी इथे उतरणाऱ्या गाड्या थांबतात हे त्या बाजूच्या प्रवाशांना ठाऊक आहे.

सांधा म्हणजे काय?

एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी नेण्याची जी जोडणी, तिला आपण सांधा म्हणतो. त्यात दोन निमुळत्या पट्ट्या असतात, जिभेसारख्या. त्या दोन्ही एका दांड्याने जोडलेल्या असतात आणि एकदमच सरकतात. एक जीभ रुळाला चिकटली की दुसरी सुटते, आणि चाकाची आतली कड ज्या बाजूला वाट मिळेल तिकडे जाते. पुढे जिथे एका मार्गाचा रूळ दुसऱ्या मार्गाच्या रुळाला छेदतो, तिथे चाकाची कड जायला खाच ठेवावी लागते. त्याला क्रॉसिंग म्हणतात. त्या खाचेत चाक भलतीकडे जाऊ नये म्हणून समोरच्या रुळालगत आणखी एक आखूड रूळ बसवलेला असतो. ‘१२ ला १’ चा सांधा म्हणजे क्रॉसिंगपाशी १२ फूट पुढे गेल्यावर दोन मार्ग १ फुटाने फाकतात. आकडा मोठा तितके वळण सौम्य.

याच सांध्याचा एक धाकटा भाऊ आहे, ट्रॅप पॉइंट. त्याला फक्त जीभ असते, पुढे क्रॉसिंग नसते आणि पुढचा मार्गही नसतो. मालधक्क्याचा रूळ मुख्य मार्गाला मिळण्याआधी तो बसवतात. धक्क्यावर उभी असलेली वाघीण चुकून घरंगळली तर ती तिथेच रुळावरून खाली मातीत उतरते, मुख्य मार्गावरच्या प्रवासी गाडीच्या आड येत नाही. एक वाघीण मातीत रुतली तर दिवसभराचे काम वाढते, पण माणूस मरत नाही. आणि ट्रॅप पॉइंट उघडा असेल तर मालधक्क्यावरून बाहेर पडायचा सिग्नल मिळतच नाही, अशी सांगड घातलेली असते.

विलायतेत जुन्या काळी चढाच्या मार्गावर स्प्रिंगचे सांधे असत. चढणाऱ्या गाडीची चाके ते दाबून पुढे जात आणि मागे स्प्रिंगमुळे सांधा पुन्हा उघडा होई. साखळी तुटून मागचे डबे उलटे घरंगळले तर ते त्या सांध्यावर रुळाखाली उतरत. ‘कॅच पॉइंट’ हे नाव मूळ त्यांचे.

लोखंडावर लोखंड

आता कोणी म्हणेल, घाटाचा उतार तो केवढा! बोरघाट आणि कसाऱ्याचा थळघाट, दोन्हींचा कडक उतार ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट चालल्यावर १ फूट खाली. आपल्या शेतातला ट्रॅक्टर असल्या उताराला जुमानत नाही. मग रेल्वेला एवढी भीती का?

कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार सहज फिरते. समतल रुळावर एक टन वजन ढकलत ठेवायला साधारण २ ते ४ किलोचा जोर पुरतो. तेच टन रबरी टायरवर डांबरी रस्त्याने न्यायला १० ते २० किलो लागतात, आणि कच्च्या वाटेवर त्याहून कितीतरी जास्त. आता उताराचा हिशेब करा. ३७ ला १ उतारावर प्रत्येक टनाला खाली ओढणारा जोर १०००ला ३७ ने भागून येतो, म्हणजे २७ किलो. धरून ठेवणारे ३ किलो, ओढणारे २७ किलो. ब्रेक सुटले की गाडी सुटलीच.

कागदावर मांडले तर अशा उतारावर सुटलेली गाडी एक किलोमीटरमध्ये ताशी ८० किलोमीटरच्या घरात जाते आणि दोन किलोमीटरमध्ये ११० च्या. आणि तिला नुसत्या चढाने थांबवायचे तर? ताशी ३० च्या वेगाला साडेतीन मीटर उंची पुरते. ६० च्या वेगाला चौदा मीटर लागते. वेग दुप्पट, उंची चौपट. म्हणूनच घाटात गाडीला वेग घेऊच देत नाहीत आणि कॅच सायडिंगच्या टोकाला वाळूही घालतात.

याच हिशेबाने स्टेशनचे आवार जवळजवळ सपाट ठेवतात. ४०० ला १ पेक्षा जास्त उतार सहसा देत नाहीत, कारण ४०० ला १ म्हणजे टनाला अडीच किलो, आणि तेवढ्याने उभी वाघीण आपोआप चालू लागण्याची शक्यता असते. स्टेशनाकडे येणारा उतार ८० ला १ किंवा त्याहून कडक असेल तर कॅच सायडिंग, आणि स्टेशनाबाहेर जाणारा उतार १०० ला १ किंवा त्याहून कडक असेल तर ‘स्लिप सायडिंग’ द्यावी, असा रेल्वेचा दंडक आहे.

घाट कसे झाले?

बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली घाट खुला झाला. सुमारे १६ मैलांत मार्ग १८३१ फूट चढतो. थळघाट १८६५ साली खुला झाला. तो सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढतो. जीआयपी रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांची ही आखणी. हजारो मजुरांनी सुरुंग आणि पहारीने कडे फोडले, आणि अपघातांनी व रोगराईने त्यांतले पुष्कळ दगावले. बोरघाटात सुरुवातीला खंडाळ्याजवळ गाडी उलट फिरवून पुढे न्यावी लागे. ती जागा १९२९ मध्ये वगळली गेली आणि त्याच सुमारास घाटात विजेची इंजिने आली.

आपल्या बाजूची मनमाडहून येणारी लाईन त्या मानाने सपाटीची. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास ती मीटरगेज म्हणून झाली आणि १९९० नंतरच्या दशकात ब्रॉडगेज झाली. तोवर मनमाडला गाडी बदलावी लागे. तिथला हमालांचा आणि पोत्यांचा गोंधळ जुन्या सभासदांना आठवत असेल.

दगडावर भरवसा

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ एक सहलीची गाडी चढावर अडली. गाडीत पुष्कळ मुले होती. गाडी दोन तुकड्यांत पुढे न्यायचे ठरले. मागचे डबे सोडले, त्यांना गार्डच्या डब्याचा हातब्रेक आणि चाकांखाली दगड. पुढचा भाग निघताना जरासा मागे सरकला, धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि डबे उलटे घरंगळले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसे गेली. त्याच वर्षी तिथे कायदा झाला की प्रवासी गाडीच्या प्रत्येक डब्याला ब्रेक हवा, आणि गाडी तुटली तर तो आपोआप लागला पाहिजे. आज आपल्याकडच्या गाडीतही नळी तुटली की सर्व डब्यांचे ब्रेक लागतात.

आता आपल्या उसाच्या ट्रॉल्या डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टरला ब्रेक, मागे दोन ट्रॉल्या, आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. पिन निघाली तर थांबवणारे काहीच नाही. दोन ट्रॉल्यांचे मिळून २० टन धरले तर ३७ ला १ उतारावर मागून रेटणारा जोर ५४० किलो होतो.

आपल्या अड्ड्यातला लिंब

ही गोष्ट लिहायला आम्हाला संकोच वाटतो, पण लपवून उपयोग नाही. मागे एका हंगामात आपल्या अड्ड्यात काट्याच्या रांगेत उभी असलेली भरली ट्रॉली रात्री दोनच्या सुमारास सुटली. ड्रायव्हर ट्रॅक्टर सोडवून चहाला गेला होता. चाकाला दगड लावला होता, पण तो मुठीएवढा. अड्ड्याचा उतार डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. नंतर मापला तेव्हा ५० ला १ भरला, म्हणजे टनाला २० किलो. ट्रॉली साठ-सत्तर पावले गेली आणि लिंबाच्या झाडाला धडकून थांबली. लिंबापासून पाच हातांवर तोडणी मजुरांची कोपी होती. आत झोळीत तान्हे लेकरू झोपले होते.

त्या रात्री लिंबाने कॅच सायडिंगचे काम केले. पण तो तिथे कोणी विचार करून लावला नव्हता. ड्रायव्हरला बोल लावून आम्ही मोकळे झालो होतो, हेही कबूल केले पाहिजे. माणूस दमतो, डुलकी लागते, दगड हाताशी नसतो. रेल्वेने हे दीडशे वर्षांपूर्वी गृहीत धरले आणि जमिनीवरच बंदोबस्त केला. आपणही तेच करायला हवे. म्हणून पुढील गोष्टी बॉयलर पेटण्यापूर्वी व्हाव्यात असा आमचा आग्रह आहे.

१. अड्ड्याच्या उताराच्या अंगाला वाळू-मातीचा कंबरभर उंच बांध घालावा.

२. मजुरांच्या कोप्या उताराच्या खालच्या बाजूला नकोत. त्यांना वरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळ जागा द्यावी.

३. प्रत्येक ट्रॉलीला साखळीने बांधलेल्या दोन लाकडी पाचरी असाव्यात. पाचरी नसतील तर काट्यावर नंबर लावू नये.

४. पिनेसोबत जादा साखळी असावी.

५. घाटात उतरताना ट्रॅक्टर न्यूट्रलवर सोडू नये. कन्नडच्या घाटासारख्या उतारावर माथ्यावरच थांबून ब्रेक तपासावा आणि खालच्या गिअरमध्येच उतरावे. डिझेल वाचते म्हणून न्यूट्रल करणाऱ्याला मालकानेच टोकावे.

घरी करून पाहा

मुलांना हे दाखवायचे असेल तर ३७ इंच लांबीची फळी घ्या आणि एका टोकाखाली एक इंचाचा ठोकळा ठेवा. हा झाला बोरघाट. त्यावर बेअरिंगची छोटी गाडी ठेवा. हात काढताच ती पळेल. फळीवर गोणपाट अंथरून तीच गाडी ठेवली तर बहुधा जागची हलणार नाही. मग खालच्या टोकाला दुसरी फळी उलट चढाची लावा आणि तिच्यावर मूठभर वाळू टाका. गाडी कुठवर चढते ते खुणेने मोजा, मग वाळू काढून पुन्हा मोजा. रेल्वेची मॉडेल करणारी हौशी मंडळी बहुधा ८७ पट लहान प्रमाण घेतात. त्यांनी फाट्याचा सांधा नेहमी वाळूकडेच लावून ठेवावा आणि गाडी थांबल्यावर हाताने मुख्य मार्गाला घ्यावा, म्हणजे खऱ्या घाटासारखे होईल.

आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांना हे सगळे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मंजी गाडी सुटंल हे धरूनच चालायचं. मंग आपल्या अड्ड्यातला बांध कवा घालता?”

बांधाचा विषय येत्या सभेपुढे ठेवला आहे. सभासदांनी उपस्थित राहून तो मंजूर करून घ्यावा, ही विनंती.