हातातील पट्टा आणि मनातील शील

गेल्या वर्षीच्या पालकसभेत एका मातेने मला एक प्रश्न विचारला. त्यांची कन्या आपल्या विद्यालयात सातवीत शिकते आणि वसतिगृहात राहते. त्या स्वतः भोसरीच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात. त्या म्हणाल्या, "सर, सकाळी मुली वंदना म्हणतात, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील घेतात, आणि संध्याकाळी तुम्ही त्यांच्या हातात पट्टा देता. हे जुळते कसे?" त्या दिवशी मी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे नीट उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम दांडपट्टा म्हणजे काय ते पाहू. पट्ट्याचे पाते लांब, सरळ, दुधारी आणि लवचीक असते. तलवारीच्या मुठीत पंजा उघडा राहतो. पट्ट्याची मूठ मात्र लोखंडी असून हात कोपरापर्यंत झाकते. तिला खोबळा म्हणतात. खोबळ्याच्या आत आडवी दांडी असते आणि ती मुठीत धरावी लागते. त्यामुळे मनगट बांधले जाते. तलवार मनगटाने फिरते, पट्टा मनगटाने फिरवता येत नाही. तो खांद्यातून, कमरेतून आणि खरे म्हणजे पायांतून फिरतो. हातच पाते होतो, म्हणून सारे शरीर शिकवावे लागते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने याच दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

शिकण्याचा क्रम ठरलेला आहे. आरंभी हातात काहीच नसते. केवळ पवित्रा, म्हणजे पायांची ठेवण. पुढचा पाय कोठे, मागच्या पायावर भार किती, वळताना टाच आधी की चवडा, यातच कित्येक आठवडे जातात. मुले कंटाळतात, "सर, पट्टा कधी?" असे विचारतात. मग लाकडी काठी येते, त्यानंतर फरी-गदका, म्हणजे छोटी ढाल आणि तलवारीऐवजी काठी. सर्वांत शेवटी बोथट पट्टा. दोन विद्यार्थ्यांमध्ये पाते आणि हात यांची लांबी मोजून भरपूर अंतर सोडतो. जो विद्यार्थी फिरवण्यापूर्वी मागे वळून पाहत नाही, त्याचा पट्टा त्या दिवसापुरता काढून घेतला जातो. हातावर लिंबू ठेवून कापण्याचे प्रयोग जत्रांत आणि मिरवणुकांत आपण पाहतो. ते आम्ही करत नाही आणि करूही देत नाही.

नवशिक्याची मुख्य चूक एकच असते. तो जोराने वार करतो आणि मग पाते थांबवू पाहतो. पाते लांब आणि मनगट बांधलेले, त्यामुळे सगळा झटका कोपरावर येतो. जाणता खेळाडू पाते थांबवत नाही. एका वाराचा वेग पुढच्या वळणात सामावून घेतो, आणि हवेत इंग्रजी आठचा आकडा आडवा काढल्याप्रमाणे पाते अखंड फिरत राहते. वेग आवरणे म्हणजे त्याच्याशी झगडणे नव्हे, त्याला वाट देणे होय. रागीट मुलाला हे सर्वांत उशिरा जमते.

याच संदर्भात आपल्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट येथे नमूद करतो. तो चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहे. कामानिमित्त तो चीनला गेला होता. तेथे पहाटे उद्यानात वृद्ध स्त्रीपुरुष हातात तलवारी घेऊन अत्यंत सावकाश फिरताना त्याने पाहिले. ती ताई चीची तलवार होय. ताई ची ही मुळात युद्धकला आहे. १९५७ च्या सुमारास चीनच्या क्रीडा आयोगाने तिच्या तलवारीचा बत्तीस हालचालींचा सोपा संच तयार केला आणि तो सर्वत्र पसरला. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. ही तलवारही सरळ आणि दुधारी असते, परंतु तिचे मनगट मोकळे असते. रिकाम्या डाव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा जोडून सरळ ठेवतात, म्हणजे त्या हाताचेही भान सुटत नाही. तेथेही आधी रिकाम्या हाताने चालणे, मग तलवार, हाच क्रम आहे.

ते ऐकून आम्ही एक प्रयोग केला. जलद फिरणारा पट्टा आठवड्यातून एक दिवस अगदी सावकाश फिरवायचा. वेगात दडलेल्या चुका मंद गतीत उघड्या पडल्या. कोणाचा गुडघा आत वळतो, कोण श्वास रोखून धरतो, कोणाची नजर पात्याच्या आधीच निघून जाते, हे सर्व दिसू लागले. आपण काय करीत आहोत ते करतानाच जाणणे, याला धम्मात सम्यक् स्मृती म्हणतात. मैदानावर तो शब्द आम्ही उच्चारत नाही, पण सराव मात्र तिचाच होतो.

आता इतिहास. मोशीहून पुण्याच्या पेठांकडे जाणारी वाट खडकीवरून जाते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे आणि कंपनी सरकार यांची लढाई झाली. मातंग समाजातील राघोजी साळवे त्या धामधुमीत पेशव्यांच्या बाजूने लढताना पडले, असे परंपरा सांगते. त्यांचे पुत्र लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांनी पुढे पुण्याच्या गंज पेठेत तालीम चालविली. तरुण जोतीराव फुले त्यांच्याकडेच दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. वासुदेव बळवंत फडके यांचे नावही त्यांच्या शिष्यांत घेतले जाते. ज्यांची सावली टाळली जात होती, त्यांच्या वस्तादापुढे वरच्या म्हणविणाऱ्या जातींची मुले वाकून पवित्रा शिकत होती. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी शाळा काढल्या तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लहुजींच्याच घराण्यातील मुक्ता साळवे त्या शाळेत शिकली आणि मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घराने पट्टा शिकविला, त्याच घरातील मुलीच्या हाती लेखणी आली. लहुजींची समाधी संगमवाडीला आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना तेथे एकदा अवश्य न्यावे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे मला प्राप्त आहे. आपले पूर्वज दोन्ही बाजूंनी लढले. राघोजी पेशव्यांकडून; आणि १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावी महार शिपाई कंपनीकडून. लढण्याचा उपयोग सर्वांनी करून घेतला, मान मात्र कोणी दिला नाही. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांचे वडील सुभेदार होते त्या बाबासाहेबांनी हा अन्याय जवळून जाणला होता. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडले. माझ्या वडिलांना तर गावच्या तालमीच्या मातीला पाय लावण्याची मुभा नव्हती. ते खिडकीतून पाहत आणि रात्री घरामागे काठी फिरवीत. मला पहिला पवित्रा त्यांनीच शिकविला.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचे विवेचन केले आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे ते मांडतात; आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद करतात. भगवान बुद्धांचा आक्षेप मुख्यतः त्या इच्छेवर आहे. आमच्या मैदानावर समोर शत्रू उभा नसतो. विद्यार्थ्याचा सामना स्वतःच्या उतावळेपणाशी, रागाशी आणि भीतीशी असतो. पाते थांबवू न शकणाऱ्याच्या हाती आम्ही पाते देत नाही. दुर्बळाची अहिंसा ही पुष्कळदा नाइलाज असते. ज्याच्या हाती सामर्थ्य आहे आणि तरी जो इजा करीत नाही, त्याचे शील खरे शील.

तरीही मातेची शंका मी अनाठायी मानत नाही. पट्ट्याचा ताठा चढून एखादा विद्यार्थी लहान मुलांना धाक दाखवू लागला, तर आमचे शिकविणे फुकट गेले असे समजावे. म्हणून पालकांना विनंती आहे की, सुटीत मूल घरी येईल तेव्हा त्याचा खेळ अवश्य पाहावा. पण धाकट्या भावंडांशी ते कसे वागते, तेही पाहावे. आमची परीक्षा तेथे आहे.

त्या माउलींची कन्या आता आठवीत आहे. अजून तिच्या हाती काठीच आहे. परवा संध्याकाळी काठी उचलण्यापूर्वी तिने थांबून मागे वळून पाहिले. तेथे पाचवीतील एक मुलगी उभी होती. तिने तिला हाताने बाजूला केले आणि मगच पवित्रा घेतला.

नमो बुद्धाय! जय भीम!